अकराव्या रकान्यातली खूण

ता. ९ जानेवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. लाँड्रीतून येते तेव्हा बोटं वाफेनं फुगलेली असतात, पेन धरवत नाही. त्यातून तुझं अक्षर मोत्यासारखं आणि माझं कोंबडीच्या पायांसारखं, त्यामुळे तुला पत्र लिहायचं म्हणजे पेपर तपासायला दिल्यासारखं वाटतं.

ह्यांच्या हाताची जखम भरली, पण मूठ वळत नाही. बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीपुढे असा हात चालणार नाही, असं मुकादमानं तोंडावर सांगितलं. हे रोज सकाळी दाढी करून बाहेर पडतात आणि दुपारी परत येतात. मी विचारत नाही, हे सांगत नाहीत. माझंही काम अर्ध्यावर आलंय. ज्या हॉटेलच्या चादरी आमच्याकडे यायच्या, त्यांनी स्वतःचं मशीन घेतलं.

गंमत म्हणजे आमच्या घरात सगळ्यांची भूकच एकदम कमी झाली आहे. आपले अण्णा दोन घास खाऊन ढेकर देतात. थोरली म्हणते, शाळेत मैत्रिणीनं खाऊ दिला. परवा पाहिलं तर ती आपल्या ताटातलं हळूच धाकटीच्या ताटात सरकवत होती. दहा वर्षांची पोर. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

अण्णांचं विसरणं वाढलंय. काल दोन तास चष्मा शोधला, शेवटी पिठाच्या डब्यात सापडला. आम्ही पोट धरधरून हसलो. मग लक्षात आलं की चष्मा अगदी तळाला गेला होता, आणि माझं हसू तिथंच राहिलं.

लाँड्रीतल्या एकीनं सरकारी धान्याच्या कार्डाचं सांगितलं, म्हणून कचेरीतून अर्ज आणलाय. बारा रकाने आणि पाठीमागे बारीक अक्षरात सूचना. दोनदा वाचल्या, दोन्ही वेळा डोक्यावरून गेल्या. तू तिकडे मोठ्या कचेरीच्या फाटकाशी टेबल टाकून अख्ख्या शहराचे अर्ज लिहितोस आणि सख्खी बहीण इथे रकाने बघत बसली आहे. आता काय ते तूच सांग.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो आमच्या पिठासारखा तळाला जाऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी

ता. १५ जानेवारी

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

इतके दिवस कळवलं नाहीस याबद्दल आधी दोन धपाटे घे, मग पुढचं वाच. बावीस वर्षांत माझ्या हातचा एकही अर्ज परत आलेला नाही, आणि माझी बहीण लाँड्रीतल्या बायकांना विचारत फिरते. तुझी वहिनी म्हणाली, तिला तुझ्या बढायांचा कंटाळा आला असेल.

आता नीट लक्ष दे. कचेरीच्या लेखी घर म्हणजे छप्पर नव्हे. एका चुलीवर शिजवून जेवढी माणसं जेवतात, तेवढं एक घर. अण्णांचं तिजोरीच्या कारखान्याचं पेन्शन तुमच्यात धरलं की तुम्ही मर्यादेच्या केसभर वर जाता आणि अर्ज बाद होतो. म्हणून दोन अर्ज करायचे. एक तुमचा चौघांचा, एक अण्णांचा एकट्याचा. म्हणजे दोन्ही कार्डं मिळतील.

मागच्या खोलीला गल्लीकडून दार आहेच. तिथे अण्णांचा स्टोव्ह, दोन पातेली, एक ताट, एक फळी, असं मांडायचं. मधल्या दाराला त्यांच्या बाजूनं कडी बसवायची. तपासायला बाई येईल ती न सांगता येईल. स्टोव्ह हात लावून बघते, मोरीत ताटं किती ओली आहेत तेही बघते. सोबत लाँड्रीमालकाचं पत्र, हाताचा डॉक्टरी दाखला आणि भाडेपावती जोडायची. अण्णा वेगळे राहतात यावर एका शेजाऱ्याची साक्ष लागेल.

अण्णांच्या अर्जात अकरावा रकाना आहे, देखभाल करणारं कोणी नाही. तिथे खूण कर. खूण असली की अर्ज वरच्या ढिगात जातो आणि तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत होतं. हे माझं धंद्यातलं गुपित आहे. आजवर कितीतरी म्हाताऱ्यांच्या अर्जांवर केली, कोणाचंही वाकडं झालं नाही. तुझ्या वहिनीला मात्र पटलं नाही. जिवंत मुलं असताना बापाबद्दल असं लिहू नये, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, अगं शाई आहे ती.

अण्णांना चार वाक्यं पाठ करून घे. मी एकटा राहतो. माझं मी शिजवतो. माझ्याकडे कोणी येत नाही. माझं कोणी नाही. त्यांना बजावून सांग, कोणीही विचारलं तरी हेच सांगायचं, उद्या मी येऊन विचारलं तरी हेच. नाहीतर पोरींच्या तोंडचा घास जाईल. एवढं म्हटलं की ते विसरणार नाहीत.

मेहुण्यांना म्हणावं, हातपाय गाळू नका. लोभ वाढता ठेव आणि अक्षर सुधार.

तुझा,
दादा

ता. २ फेब्रुवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

दोन्ही अर्ज दिले. सकाळी सातला रांगेत उभी राहिले, एकशे चाळीसावा नंबर लागला. खिडकीतल्या बाईनं दोन्ही अर्ज चाळले आणि कोणी लिहून दिले म्हणून विचारलं. तू पाठवलेल्या मसुद्यावरून लिहिले आणि तळाला लिहिणाऱ्याचं नाव म्हणून तुझंच घातलं, तर म्हणाली, लिहिणाऱ्याला काम कळतं. झालं समाधान?

मागची खोली बघशील तर हसशील. अण्णांनी कडी स्वतः बसवली. तिजोऱ्यांची कुलपं करणारा माणूस, त्याला दाराची कडी म्हणजे हातचा मळ. किती दिवसांनी शिट्टी वाजवत काम करत होते. स्टोव्ह पुसला, फळीवर आपलं एकुलतं ताट उभं केलं आणि मला म्हणाले, बघ, वेगळा निघालो. आम्ही सगळे हसलो.

पाठांतराचं काम थोरलीकडे दिलंय. ती रोज संध्याकाळी पाटी घेऊन मास्तरीण होते. फिरवून फिरवून दहा प्रश्न विचारते आणि पाटीवर गुण लिहिते. पहिल्या दिवशी अण्णांना चार मिळाले. तुमचं कोणी आहे का, असं विचारलं की पटकन म्हणायचे, आहे की, माझी ठमी आहे. मग थोरली डोळे वटारायची. आता आठांवर आलेत. काल नऊ मिळाले तर एक गुण कुठे गेला म्हणून वाद घालत बसले.

एक गोष्ट मात्र मला जड गेली. अकराव्या रकान्यात खूण करताना अण्णा शेजारीच बसले होते आणि मला दिवा नीट दिसावा म्हणून हातानं वर धरून होते. खूण झाली, मग त्यांनी सही केली, आपली ती वळणदार. साक्षीला शेजारच्या शिंपीणबाईंनी सही केली. त्या म्हणाल्या, अण्णांना आम्ही तुमच्या हातचंच जेवताना बघतो, पण तुमच्या पोरींसाठी करते.

लोभाची शिदोरी तेवढी पाठवत राहा.

तुझी,
ठमी

ता. २६ फेब्रुवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

काल तपासनीसबाई येऊन गेल्या. दुपारी, अगदी तू म्हणाला होतास तशा, न सांगता. आमच्या मोरीतली ताटं मोजली, मागच्या स्टोव्हला हात लावला. तो कोमट होता, कारण अण्णांनी सकाळीच आपल्यापुरता चहा केला होता. मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच.

बाईंनी विचारलं तशी अण्णांनी चारही वाक्यं सांगितली. एकही अक्षर अडखळलं नाही. तेवढ्यात धाकटी आजोबा आजोबा करत पळत आली आणि त्यांच्या मांडीवर चढली. अण्णांनी तिला दोन्ही हातांनी उचललं, खाली उभं केलं आणि बाईंना विचारलं, ही कोणाची मुलगी? पोर आधी हसली, तिला वाटलं खेळ आहे. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही, तेव्हा तिनं भोकाड पसरलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गेल्या.

मी म्हटलं, सुटलो. संध्याकाळी ताटं वाढली आणि अण्णांना हाक मारली, तर मधल्या दाराला आतून कडी. थापा मारल्या. आतून शांतपणे म्हणाले, मी माझं शिजवतो. मला वाटलं थट्टा करतायत, मीही हसत हसत दोनदा बोलावलं. मग स्टोव्हचा आवाज सुरू झाला. थोरली म्हणाली, आई, आज त्यांना दहा द्यायला हवेत. दादा, मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

कळव काय करू ते. माया असू दे.

तुझी,
ठमी

ता. २० मार्च

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

दोन्ही कार्डं आल्याचं तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. तुझ्या वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. पीठ, तांदूळ, तेल आणि दुधाची पावडर, असं तू ओळीनं लिहिलंयस ते तर दोनदा वाचलं. आता थोरलीला सांग, ताटातलं काही सरकवलंस तर मामा कान उपटेल.

अण्णांचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. म्हातारपणी माणूस एकेक छंद धरतो. शिवाय तीन महिन्यांत पुन्हा एखादी तपासणी होते, तेव्हा तोवर त्यांचं नाटक चाललंय ते बरंच आहे. नंतर मी येतो आणि कान धरून त्यांना तुझ्या पंगतीला बसवतो.

इथे एक नवीन ऐकलं. दुसऱ्या मजल्यावर नवा विभाग उघडलाय आणि अकराव्या रकान्यात खूण असलेल्यांच्या याद्या यंदापासून तिकडे जातात. कशाला, ते खालच्या कारकुनालाही ठाऊक नाही. असेल काही जादा मदत. माहिती काढून कळवतो.

लोभ आहे तो पेरत राहा, आम्ही कापणीला येतो.

तुझा,
दादा

ता. २९ एप्रिल

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

धाकटीचे गाल भरलेत. थोरली परवा दुसऱ्यांदा भात मागून जेवली. हे रोज एका गोदामात पावत्या फाडायला जातात, डाव्या हातानं लिहायला शिकलेत. एवढं सगळं चांगलं लिहून घेते, कारण पुढचं लिहायला हात उठत नाही.

अण्णा आता माझ्याशी अहो-जाहो करून बोलतात. मला बाई म्हणतात. परवा गल्लीत समोरून आले, मी थांबले, तर परक्या माणसाला करावा तसा नमस्कार करून पुढे गेले. मधलं दार दोन महिने उघडलेलं नाही. मी गल्लीच्या दारानं जाते तर उंबऱ्यातच उभं करतात आणि काय काम आहे विचारतात. मी रागावले, रडले, पायाशी बसले. म्हटलं, कार्ड मिळालं, आता झालं, आता पुरे. ते म्हणाले, बाई, आपली काहीतरी चूक होते आहे.

थोरलीनं परीक्षा घेणं कधीच बंद केलं. तर आता तेच शाळा सुटायच्या वेळी कोपऱ्यावर उभे असतात आणि तिला म्हणतात, विचार. ती घाबरून पळत घरी येते. दादा, चष्मा विसरणारा माणूस मुलगी विसरला असेल का रे? ही चार वाक्यं आपणच त्यांच्या डोक्यात कोंबली, त्यांनी बाकी सगळं बाहेर ढकललं असेल का? हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

आणि ऐक. मागच्या आठवड्यात त्यांच्या नावानं पिवळा लिफाफा आला. त्यांनी वाचला आणि पेटीत ठेवून कुलूप लावलं, ते कुलूप त्यांच्या हातचं, माझ्याच्यानं उघडायचं नाही. काल दोन माणसं आली होती. शिंपीणबाईंना विचारत होती, म्हाताऱ्याकडे कोणी येतं जातं का? त्यांनी सही केली होती तसंच सांगितलं. कोणी नाही.

तू ये. पत्र नको, तूच ये.

तुझी,
ठमी

ता. ७ मे

चि. सौ. ठमीस,
आशीर्वाद.

आज दुसऱ्या मजल्यावर गेलो आणि बसून हे तातडीचं पत्र लिहितो आहे. ज्यांची देखभाल करणारं कोणी नाही, त्या म्हाताऱ्यांना सरकारी निवासात हलवायचं, असा नवा हुकूम आहे. निवास आमच्याच शहरात, कापडगिरणीच्या मागे. आधी पिवळ्या लिफाफ्यातून कागद जातो. त्यात दोनच ओळी असतात. एकतर सांभाळणाऱ्याचं नाव लिहायचं, मग दोन्ही घरांची कार्डं चौकशीत जातात. नाहीतर निवासात जायला संमतीची सही करायची.

अण्णांना सही करू देऊ नकोस. केली असली तर त्यांना गाडीत बसू देऊ नकोस, दारात आडवी हो. मी रविवारी पोचतो. ती खूण मी करायला सांगितली, ठमे. मी सांगितली.

तुझा,
दादा

ता. ९ मे

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र आज आलं. गाडी काल आली होती.

मी लाँड्रीत, हे गोदामात, पोरी शाळेत. शिंपीणबाईंनी जे पाहिलं ते सांगते. अण्णांनी आंघोळ करून पांढरा सदरा घातला होता. माणसांनी काहीतरी विचारलं, अण्णांनी उत्तर दिलं, ती चारच वाक्यं असणार. स्टोव्ह पुसून फळीखाली ठेवला होता. शिल्लक पीठ आणि तेल एका पिशवीत बांधलं होतं. दाराला कुलूप लावून किल्ली शिंपीणबाईंकडे दिली आणि म्हणाले, ही पुढच्या खोलीतल्या इस्त्रीवाल्या बाईंना द्या, पिशवीही त्यांच्या उपयोगी पडेल. मग आपण होऊन गाडीत चढले.

कुठे नेतात ते त्या माणसांनी शिंपीणबाईंना सांगितलं होतं, म्हणून आज पहाटेच्या गाडीनं आम्ही दोघं तुझ्या शहरात येऊन निवासावर गेलो. तुझ्याकडे वळायला वेळ नव्हता, पोरी शिंपीणबाईंच्या गळ्यात होत्या. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं नातं विचारलं. मी मुलगी म्हटलं. त्यानं वही उघडली, म्हणाला, यांना कोणी नाही. मी हट्ट धरला तेव्हा अर्जाची नक्कल दाखवली. लिहिणाऱ्याचं नाव तुझं, अक्षर माझं. मी माझ्याच कोंबडीच्या पायांकडे बघत उभी राहिले.

आता रविवारी इकडे येऊ नकोस, अण्णा तुझ्याच शहरात आहेत. एकच वाट आहे. आपण खोटं लिहिलं होतं, असं लिहून द्यायचं. मग आमचं कार्ड जाईल, दंड होईल, तुझा अर्ज लिहायचा परवाना जाईल. हे म्हणतात, द्या लिहून. माझंही तेच म्हणणं. पोरींना कमी जेवायची सवय आहे. वहिनीला विचारून तू ठरव, मी तुला गळ घालणार नाही. नाही, घालते. त्यांना घेऊन ये.

ठमी

ता. २० मे

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला विचारायची वेळच आली नाही, तिनंच कोरा कागद पुढ्यात आणून ठेवला. सगळं लिहिलं. खूण कोणी सुचवली, वाक्यं कोणी पढवली, काही लपवलं नाही. काल निवासात गेलो.

व्यवस्थापक बरा माणूस निघाला. पूर्ण वाचून म्हणाला, वडलांनी स्वतः नातं कबूल केलं की मी कागद वर पाठवतो आणि त्यांना उद्याच घरी न्या. त्यानं अण्णांना बोलावलं. केस बारीक कापलेत, सदरा स्वच्छ होता. मला पाहून नमस्कार केला.

त्यांनी चष्मा लावून माझा कागद वाचला. लहानपणी माझे निबंध तपासायचे तसं ओळीखालून बोट फिरवत, शेवटपर्यंत. मग व्यवस्थापकाला म्हणाले, अक्षर छान आहे, पण मजकूर चुकलाय. हे गृहस्थ फाटकाशी अर्ज लिहितात, रोज पन्नास लोकांचे लिहीत असतील, कोणाचं तरी माझ्या नावावर घातलंय. मी खाली बसलो आणि त्यांचे पाय धरले. म्हटलं, अण्णा, मी तुमचा मुलगा. त्यांनी पाय अलगद सोडवून घेतले आणि चारही वाक्यं सांगितली, त्याच क्रमानं. व्यवस्थापकानं ती लिहून घेतली आणि अण्णांनी खाली सही केली. तो मला समजावत म्हणाला, या वयात असं होतं.

मग अण्णाच म्हणाले, यांना फाटकापर्यंत सोडून येतो. व्हरांड्याच्या वळणावर कोणी नव्हतं. तिथे त्यांनी माझा हात दाबला, इतका की अजून दुखतो. माझा कागद चार घड्या घालून माझ्या खिशात सारला आणि म्हणाले, हा कुठे दाखवू नकोस, धाकटीचे गाल आता कुठे भरलेत. मग कानाशी येऊन विचारलं, एकही चुकलं नाही ना? आणि थोरलीला सांगायला सांगितलं, दहापैकी दहा.

ठमे, ते काहीच विसरलेले नाहीत. मी सांगितलं होतं ना, मी येऊन विचारलं तरी हेच सांगा म्हणून.

बावीस वर्षांत माझ्या हातचा अर्ज परत आला नाही, असं सांगत आलो. हा आला, खिशात आहे. फाटकावर पाटी वाचली. भेटीचा दिवस महिन्याचा पहिला रविवार, फक्त नातेवाइकांसाठी. थोरलीला काय सांगायचं ते तू ठरव, मला सुचत नाही.

लोभ ठेव असं शेवटी लिहायची हाताला सवय आहे, म्हणून लिहिलं.

तुझा,
दादा